आजोबांचा फोटो घेऊन पानमुनजोमला

आमच्या घरी लोखंडी ट्रंकेत एक फोटो होता. तळहाताएवढा, दातेरी कडांचा. तंबूसमोर उभे असलेले सात जवान, जाड कोटांत गुरफटलेले, मागे काटेरी तारांचं कुंपण, बाजूला एका फळीवर इंग्रजी अक्षरांत 'हिंद नगर'. डावीकडून तिसरे माझे आजोबा. पाठीमागे निळ्या शाईत एवढंच: 'कोरिया, १९५४'.

लहानपणी मला वाटायचं, हे हिंद नगर मिरज-बेळगावकडे कुठेतरी असणार. कोरिया म्हणजे काय ते कळायला मला सातवीतला नकाशा लागला. २७ जुलै १९५३ रोजी कोरियातल्या युद्धाला विराम मिळाला, पण २२ हजारांहून जास्त युद्धकैदी आपापल्या घरी परत जायला तयार नव्हते. त्यातले बरेचसे चिनी, पण सात-आठ हजार उत्तर कोरियाचे. त्यांचं काय करायचं हे ठरवायला तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे जनरल थिमय्यांकडे. कैद्यांना सांभाळायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आमच्या कोल्हापूरजवळच्या वडगावचे. 'थोरातसाहेब' म्हणताना आजोबा बाजेवर ताठ होऊन बसायचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हते, म्हणून या जवानांना हेलिकॉप्टरमधून थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या त्यांच्या छावणीचं नाव हिंद नगर. गावाकडून पलटणीत गेलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा उडाला तो असा.

ही छावणी होती त्या पट्ट्यातलं, दोन कोरियांच्या सीमेवरचं पानमुनजोम नुसतं बघायचं असतं तर दक्षिणेतल्या सोलहून सकाळी बसने जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. पण आजोबांच्या कुंपणातली कोरियन पोरं उत्तरेकडच्या गावांची होती. जिथे परत जायचं नाव काढलं की ती रडायची, तो मुलूख मला बघायचा होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर, सप्टेंबर २०१९मध्ये, मी गेले.

उत्तर कोरियात आपलं आपण जाता येत नाही. हॉटेल, गाडी, जेवण, गाईड, रोज कुठे किती वाजता, हे सगळं आधी ठरलेलं असायचं, आणि ते मान्य केल्यावरच व्हिसा मिळायचा. मी बेजिंगमधल्या एका सहल कंपनीमार्फत अर्ज केला. अर्जात नोकरीचा पत्ता विचारला होता, कारण पत्रकाराला पर्यटक म्हणून येऊ देत नसत. मी 'निवृत्त शिक्षिका' लिहिलं, शाळेचं पत्र जोडलं. चीनचा व्हिसा मात्र दोनदा प्रवेशाचा घ्यावा लागतो, कारण परत येताना पुन्हा चीनमध्येच शिरायचं असतं. हे लक्षात न आल्याने आमच्या गटातला एक जण बेजिंगमध्येच अडकला. व्हिसा म्हणून निळं घडीचं कार्ड मिळालं, पासपोर्टवर शिक्काही उमटला नाही. बेजिंगपासून पुढचा खर्च लाखाच्या वर गेला.

निघण्याच्या आदल्या दिवशी बेजिंगमध्ये दोन तास सूचना दिल्या. सैनिकांचे आणि चालू बांधकामांचे फोटो काढायचे नाहीत. नेत्यांच्या पुतळ्याचा फोटो घ्यायचा तर अख्खा, डोकं-पाय कापून नाही. वर्तमानपत्राची घडी नेत्याच्या चेहऱ्यावरून घालायची नाही, ते कचऱ्यात टाकायचं नाही. गाईडशिवाय हॉटेलचं आवार सोडायचं नाही. ओटो वार्मबियर या अमेरिकन विद्यार्थ्याचं नाव तिथे कुणी घेतलं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात ते होतं. जानेवारी २०१६मध्ये त्याला पकडलं, हॉटेलमधलं एक घोषणेचं पोस्टर काढल्याच्या आरोपावरून १५ वर्षं सक्तमजुरी सुनावली, आणि जून २०१७मध्ये तो बेशुद्धावस्थेत घरी पोचला तो आठवड्याच्या आत गेला. त्याच वर्षापासून अमेरिकेने आपल्या नागरिकांना तिथे जायला बंदी केली. सूचना देणाऱ्या माणसाचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. तुमच्या हातून काही चुकलं तर बहुतेक वेळा तुम्ही सुटाल, तुमचे गाईड सुटणार नाहीत.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची गाडी. सकाळी दानदोंग येतं, चीनचं शेवटचं गाव. यालू नदीवर दोन पूल शेजारी शेजारी आहेत. एक चालू, दुसरा १९५०मध्ये अमेरिकन बॉम्बहल्ल्यात तुटलेला, अर्ध्या नदीपर्यंत येऊन थांबलेला. त्याच्या टोकावर चिनी पर्यटक फोटो काढत उभे होते. आमची गाडी चालू पुलावरून पलीकडे गेली, घड्याळाचे काटे एक तास पुढे सरकवले आणि सिनुइजू स्टेशनात गाडी जवळजवळ दोन तास उभी राहिली.

तपासणीला आलेला अधिकारी पंचविशीतला असेल. पासपोर्ट गोळा झाले. फोन किती, कॅमेरे किती, पुस्तकं कोणती, सगळं फॉर्मवर लिहून द्यायचं. त्याने माझी बॅग सीटवर मोकळी केली. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडून वास घेतला, मेतकुटाची पुडी बोटांनी दाबून पाहिली. मग वहीत ठेवलेला फोटो त्याच्या हातात आला. गणवेशातली माणसं आणि काटेरी तार. तो काही बोलला नाही, फोटो घेऊन डब्यातून खाली उतरला.

ती वीस-पंचवीस मिनिटं मला आजही आठवतात. खिडकीबाहेर फलाटावर एक बाई पाठीला बाळ बांधून उभी होती आणि मी तिच्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायला भीती वाटत होती. मूळ फोटो आणायला नको होता, प्रत काढून घ्यायला हवी होती, हे तेव्हा सुचलं. तो परत आला तेव्हा त्याच्याबरोबर एक वयस्क अधिकारी होता. त्याने फोटोवर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, "हू?" मी म्हणाले, ग्रँडफादर. त्याने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि फोटो माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी. आपल्याकडे प्रसाद देताना देतात तसा.

पुढे दिवसभर भाताची शेतं. पिकून पिवळी झालेली, बांधावर बैलगाड्या, दारांत वाळत घातलेला मका. ट्रॅक्टर फार थोडे. सांगली-कोल्हापूरच्या बाईला ते दृश्य अनोळखी वाटायचं कारण नव्हतं, फक्त प्रत्येक गावाच्या मधोमध लाल अक्षरांचा एक उंच खांब होता.

राजधानी प्याँगयांगच्या फलाटावर दोन गाईड उभे होते. एक तिशीतल्या बाई आणि एक नवखा तरुण. दोघांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. दोन गाईड असतातच, ते एकमेकांवरही लक्ष ठेवतात असं म्हणतात. बाईंनी पहिल्याच मिनिटाला सगळ्यांचे पासपोर्ट मागून घेतले, ते शेवटच्या दिवशी परत मिळाले. त्यांचं इंग्रजी स्वच्छ होतं. डाव्या छातीवर नेत्यांच्या चित्राचा लाल बिल्ला. मी गटात सगळ्यांत वयस्कर, म्हणून बसमध्ये चढता-उतरताना त्यांचा हात माझ्या कोपराला असायचा.

हॉटेल यांगगाक्दो नावाच्या बेटावर. ४७ मजले, वर फिरतं उपाहारगृह, चारी बाजूंना तेदोंग नदी. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्याचं बटण नाही. रात्री खिडकीतून पलीकडचं शहर दिसतं आणि तिथे पायी जाता येत नाही, यात सगळं आलं.

स्मारकांबद्दल फार लिहीत नाही. मानसू टेकडीवरचे वीस मीटरहून उंच ब्राँझचे दोन पुतळे, १७० मीटरचा जुचे मनोरा, पॅरिसच्या कमानीपेक्षा उंच बांधलेली विजय कमान, हे सगळं पाहिलं. जुचे म्हणजे स्वावलंबनाचं त्यांचं सरकारी तत्त्वज्ञान. त्या मनोऱ्याला २५,५५० दगड आहेत, देशाचे संस्थापक किम इल सुंग यांच्या ७० वर्षांतल्या दर दिवसाला एक. तो आकडा मी बसमध्ये गुणाकार करून पाहिला, बरोबर आला.

पण कुमसुसान राजवाड्याबद्दल सांगायला हवं. तिथे किम इल सुंग आणि त्यांचा मुलगा किम जोंग इल यांचे मृतदेह जतन करून काचेत ठेवलेत. चांगले कपडे घालून जावं लागतं. मी इरकल नेसले होते. कॅमेरा, फोन, पर्स सगळं बाहेर. बूट पुसणाऱ्या यंत्रावरून चालायचं, मग लांबच लांब सरकत्या पट्ट्यांवर गप्प उभं राहायचं. समोरच्या पट्ट्यावरून दर्शन घेऊन परतणाऱ्या कामगार बायका येत होत्या, रंगीत पारंपरिक पोशाखात. त्यांच्यापैकी दोघी-तिघींची नजर माझ्या पदराच्या काठावर आली आणि तिथेच थांबली, पट्टा पुढे नेईपर्यंत. एका दारात वाऱ्याचा जोरदार झोत अंगावरची धूळ उडवतो. मग आत लाल उजेड, चौघाचौघांच्या रांगा. पायांशी वाकायचं, डावीकडे वाकायचं, उजवीकडे वाकायचं. डोक्याशी नाही.

मी वाकले. नमस्काराला वाकणं आपल्या अंगवळणी आहे. देवाला, वडीलधाऱ्यांना, शाळेत पाहुण्यांनासुद्धा. पण तिथे पाठ वाकवताना मला प्रत्येक मणका वेगळा जाणवला. १९९०च्या दशकातल्या दुष्काळात या देशात लाखो माणसं उपासमारीने गेली. सरकारी भाषेत त्या काळाला 'कष्टाची वाटचाल' म्हणतात. बसमध्ये बाई एकदाच म्हणाल्या होत्या, त्या काळात मी लहान होते, आणि लगेच रस्त्याकडेच्या कॉसमॉसच्या फुलांची माहिती सांगू लागल्या. माझ्या सहलीचे पैसे त्याच सरकारकडे गेले, हेही मला ठाऊक होतं. जायला नको होतं असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी मी गेले, आणि गेले नसते तर त्या बाईंचा हात माझ्या कोपराला लागला नसता. या दोन्ही गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवते, त्यांचा हिशेब लागत नाही.

तिथे दिसतं ते सगळं नाटक असतं, रस्त्यावरची माणसंही नट असतात, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला हे मुळीच पटत नाही. काय दाखवायचं ते ठरवलेलं असतं, हे खरं. माणसं ठरवलेली नसतात. भुयारी रेल्वेत आम्हाला पुहुंगहून योंगग्वांगला नेलं. सरकता जिना शंभर मीटर खोल जातो, बर्लिनहून आलेले जुने डबे, झुंबरांची स्थानकं. डब्यात माझ्यासमोर एक आजीबाई बसल्या होत्या, मांडीवर कांद्याच्या पातीची जुडी. त्यांनी पातीची पिवळी पडलेली टोकं एकेक करून खुडली, मुठीत जमवली आणि उतरताना ती मूठ तशीच घेऊन गेल्या. खाली कचरा टाकायचा नाही म्हणून. ते काही माझ्यासाठी चाललेलं नव्हतं.

मे दिन स्टेडियममधल्या सामूहिक कवायतीला हजारो मुलं रंगीत पुठ्ठ्यांची पानं उलटून समोरच्या अख्ख्या बाजूवर चित्रं उभी करत होती. लोक थक्क होऊन टाळ्या वाजवत होते. मी पंधरा ऑगस्टला दोनशे पोरांची रांग सरळ करायला महिनाभर घसा फोडलेला आहे. ती मुलं किती संध्याकाळी उन्हातान्हात बसली असतील, लघवीला कधी जात असतील, एवढंच डोक्यात येत राहिलं. मला टाळी वाजवता आली नाही.

चौथ्या दिवशी पानमुनजोम. प्याँगयांगहून सीमेजवळच्या केसोंगचा रस्ता साधारण १७० किलोमीटर, रुंद आणि जवळजवळ रिकामा. मधे तपासणी नाके, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे उंच ठोकळे. रणगाडे आले तर पाडून वाट अडवायला. सीमेपाशी एक लष्करी अधिकारी बसमध्ये चढला, तोच पुढे सगळं दाखवतो. चाळिशीचा, उन्हाने रापलेला. आधी वाटाघाटींची खोली, मग जिथे युद्धविरामावर सह्या झाल्या ते सभागृह. काचेखाली दोन झेंडे, दोन टेबलं. बाहेर मोकळ्या जागेत निळ्या रंगाच्या झोपड्या आणि त्यांच्यामधून गेलेली काँक्रीटची बुटकी पट्टी. ती सीमा. चपलेने ओलांडता येईल एवढी. तीन महिन्यांपूर्वीच ट्रम्प तिथूनच या बाजूला आले होते.

आणि इथे माझ्या हातून चूक झाली. फोटोबद्दल मी बाईंना आधी सांगितलंच नव्हतं. सिनुइजूनंतर तो वहीत होता, तिथपासून मी त्याचा विषय काढला नव्हता. त्या क्षणी मला राहवलं नाही. मी वही उघडली, फोटो काढला आणि सरळ त्या अधिकाऱ्यापुढे धरला. म्हणाले, माझे आजोबा इथे होते, भारतीय फौजेत.

बाईंचा चेहरा उतरला. रंग जाणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. ओठांच्या कडा पांढऱ्या झाल्या. काय भाषांतर करायचं हे त्यांना माझं वाक्य पुरतं कळायच्या आत ठरवायचं होतं. धाकटा गाईड एक पाऊल पुढे आला. बाई हळू आवाजात कोरियनमध्ये बोलल्या, तीन-चार वाक्यं. माझं तर एकच होतं.

अधिकाऱ्याने फोटो घेतला. टोपी जरा मागे सारून तो उन्हाकडे तिरपा धरला. बराच वेळ पाहत राहिला. मग नखाने तंबूच्या दोरीवर एक जागा दाखवली आणि काहीतरी म्हणाला. बाईंनी सांगितलं, "ते म्हणतात, दोरीवर बर्फ आहे. हा जानेवारीतला असणार." मी इतकी वर्षं तो फोटो पाहत आले होते, ती दोरी माझ्या लक्षात आली नव्हती. पांढरी रेघ म्हणजे फोटोचा डाग असं आम्ही धरून चाललो होतो.

त्याने विचारलं, आजोबा कोणत्या हुद्द्यावर होते. मी म्हणाले, शिपाई. त्याने मान हलवली, फोटो परत दिला आणि पुढच्या गटाकडे वळला. एवढंच.

केसोंगला जेवायला पितळी वाट्यांचा थाट होता. प्रत्येकापुढे दहा-बारा झाकलेल्या छोट्या वाट्या, झाकण काढलं की भाजी, मुळा, अंडं, मोड आलेलं कडधान्य. मी शाकाहारी, त्यामुळे किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या तिखट कोबीत, मासळीचं पाणी असतं का हे बाई रोज माझ्यासाठी स्वयंपाकघरात जाऊन विचारून यायच्या. त्या दिवशीही गेल्या. परत येऊन शेजारी बसल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी मला सांगा. कुणालाही काही दाखवायचं असेल तर आधी मला." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं. बेजिंगमधलं ते शेवटचं वाक्य वहीत माझ्याच अक्षरात होतं, फोटोच्या शेजारच्याच पानावर, आणि तरी मी ते विसरले होते. मी माफी मागितली. त्यांनी वाटीवरचं झाकण काढून माझ्यापुढे सरकवलं.

तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्न आधी मनात फिरवून बघायला लागले. हा विचारला तर बाईंना काय उत्तर द्यावं लागेल, कुणाच्या कानावर जाईल. धाकटा गाईड जवळ असेल तर वेगळं बोलायचं, नसेल तर वेगळं. कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत ते इतकं अंगात भिनलं की हॉटेलच्या खोलीत एकटी असतानाही मी पुटपुटत नव्हते.

परतीला पुन्हा गाडीनेच. सिनुइजूला कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून पाहिले, एका ट्रकमध्ये बसलेले सैनिक मागे आले होते तो पुसायला लावला. आजोबांचा फोटो या वेळी कुणी मागितला नाही. चार महिन्यांनी, जानेवारी २०२०मध्ये, कोविडमुळे त्या देशाने आपली दारं बंद केली. बाईंचं पुढे काय झालं, माझ्या त्या चुकीचा त्यांना काही जाब द्यावा लागला का, हे मला कळायला मार्ग नाही. पत्र पाठवता येत नाही, पाठवूही नये.

प्याँगयांगच्या फलाटावरची एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. धाकटा गाईड दुसऱ्या डब्याशी सामान चढवत होता. बाईंनी माझा पासपोर्ट हातात दिला आणि एकदम विचारलं, "तुमचे आजोबा परत घरी गेल्यावर आमच्या लोकांबद्दल काय सांगायचे?"

आजोबा काय सांगायचे ते मला तोंडपाठ आहे. म्हणायचे, रात्री पहाऱ्याला उभं राहिलं की कुंपणाच्या आतून पोरांचं रडणं ऐकू यायचं. अठरा-वीस वर्षांची पोरं. आई तिकडे उत्तरेला, आणि आईकडं जायचं नाही म्हणून रडायची. बाळ, असलं रडणं मी परत कधी ऐकलं नाही. त्या कैद्यांतले ८८ जण ना उत्तरेला गेले ना दक्षिणेला, आपल्या फौजेबरोबर बोटीत बसून भारतात आले. त्यांतल्या एकाने बोटीवर आजोबांना लाकडाचा चमचा कोरून दिला होता. तो आमच्या मिठाच्या बरणीत अजून आहे.

मी म्हणाले, "आजोबा म्हणायचे, तिथली थंडी फार कडक."

बाई हसल्या. म्हणाल्या, "हो, थंडी फारच असते आमच्याकडे." आणि माझ्या शालीचं टोक खांद्यावर नीट केलं.